चुकीचं उत्तर कुणालाच येईना

आमच्या शाळेत मुलींनी खेळून बघावा आणि त्यात काय वाईट आहे ते सांगावं, म्हणून एक कॉम्प्युटरचा खेळ आला होता. मी काय केलं, तर तीन दुपारी एकटीने बसून त्यातली सगळी गणितं सोडवली, उत्तरं ओळीने वहीत उतरवली आणि ती चाळीस मुलींकडून घोकून घेतली. मग खेळ त्यांच्यापुढे ठेवला. एकही मुलगी कुठे अडली नाही. मी इतकी खूष झाले की त्या संध्याकाळी घरी जाताना रबडी घेऊन गेले.

पत्र नीट न वाचल्यामुळे हे झालं असं कुणाला वाटायला नको. पत्र मी तीनदा वाचलं होतं. खेळ बनवणारी मंडळी दूरच्या शहरातली, तरुण. त्यांनी साध्या हिंदीत लिहिलं होतं की मुलींना मोकळं खेळू द्या, चुकू द्या, कुठे अडतात, कुठे कंटाळतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. शब्द न् शब्द मला कळला. विश्वास मात्र एकाही शब्दावर बसला नाही. शाळेत निरीक्षक यायचे तेही म्हणायचे, बहनजी, एकदम सहज रहिए. त्यांचं ऐकून सहज राहिलेल्या एका बाईंना पुढे वर्षभर शिवणाचे तास मिळाले होते. बाहेरचं माणूस आलं की आपली मुलगी चुकता कामा नये, एवढंच मी वीस वर्षांच्या नोकरीत शिकले होते, आणि तेवढंच शिकवत होते. विषयाचं नाव गणित.

तेव्हा मी पंचेचाळीशीची. साडीच्या निऱ्यांना पिन, खांद्याला पिन, आणि चेहऱ्यालाही कुठेतरी आतून पिन लावलेली असावी, कारण त्या काळच्या एकाही फोटोत मी हसत नाही. आमचं घराणं काशीत पाच-सहा पिढ्यांपासूनचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि राग आला की दोन्ही. शाळा दशाश्वमेधच्या अलीकडच्या गल्लीत, मुलींची, हिंदी माध्यमाची. शतक बदलायला वर्ष-दोन वर्षं असतील, तेव्हा शाळेला तीन कॉम्प्युटर मिळाले आणि गणिताची बाई म्हणून त्या खोलीची चाबी माझ्या कमरेला आली.

ती खोली आधी नकाशे ठेवायची होती. एकच खिडकी, तिला गज, आणि गजांपुढे हातभर अंतरावर शेजारच्या घराची भिंत. त्यात आम्ही हिरवं कार्पेट घातलं, पडदे लावले, दाराबाहेर चपला काढायचा नियम केला. आत गेलं की देवघरात आल्यासारखं वाटायचं आणि पाच मिनिटांत गुदमरायला व्हायचं. मला दहा दिवसांचं प्रशिक्षणही मिळालं होतं. त्यातले सात दिवस कशाला हात लावायचा नाही ते शिकण्यात गेले. मशीन पद्धतीने बंद न करता वीज तोडली तर आतलं सगळं नासतं, हे शिकवणाऱ्याने इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं की मी बटणाजवळून जातानासुद्धा पदर सावरून जायची.

आता खेळ. एक मुसाफिर, त्याच्या पाठीवर झोळी, एका शहराच्या गल्ल्यांतून त्याला नदीवर पोचायचं आहे. प्रत्येक वळणावर फाटक, फाटकावर अपूर्णांकाचं गणित. उत्तर बरोबर आलं की फाटक उघडणार. तीनदा चुकलं तर काय होतं ते मला माहीत नव्हतं, कारण मी एकदाही चुकले नव्हते, आणि मुलींना तर मी चुकायला जागाच ठेवली नव्हती.

खेळ झाल्यावर मुलींनी मत लिहून द्यायचं होतं. तेही मी फळ्यावर लिहून दिलं. "यह खेल अत्यंत रोचक एवं ज्ञानवर्धक है. इसमें कोई त्रुटि नहीं है." चाळीस कागद आले. एकोणचाळिसांवर हीच दोन वाक्यं होती, काहींनी खाली फूलही काढलं होतं. चाळिसावा कागद वेगळा होता.

तो ज्या मुलीचा, ती आठवीत होती आणि आमच्याच गल्लीत चार घरं सोडून राहायची. तिचे वडील घाटावर महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंचे विधी करायचे, यात्रेकरू उतरायचेही त्यांच्याकडेच. ती मला शाळेच्या वेळात बहनजी म्हणायची आणि एरवी काकू, आणि या दोन्हींत कधी गल्लत करायची नाही. मुलगी हुशार, पण एक खोड. कुठलीही रीत सांगितली की विचारायची, "बहनजी, उलटा करें तो क्या होगा?" त्या दिवशी तिने विचारलं नाही, करूनच पाहिलं.

तिने लिहिलं होतं: "मैंने जान-बूझकर तीन बार ग़लत किया. एक कमरे में बंद हो गई. वहाँ सही जवाब देने पर भी दरवाज़ा नहीं खुलता. एक आदमी बार-बार डाँटता है. जिसको सच में नहीं आता होगा, वह तो यहीं रह जाएगी."

मी तिला व्हरांड्यात बोलावलं. ती का चुकली हे मी विचारलं नाही, खोली कसली हे विचारलं नाही. कोरा कागद हातात दिला आणि म्हटलं, फळ्यावरचं उतरव. तिने उतरवलं. वर मी तिला महिनाभर कार्पेटवर पाय ठेवायची बंदी घातली. पहिला कागद फाडला मात्र नाही. लिहिलेला कागद फाडायची आमच्या घरात रीत नाही, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सासूबाई सरळ करून ठेवायच्या. मी तो चौपट घडी करून हजेरीच्या रजिस्टरात घातला. प्रामाणिकपणा नव्हता हो तो, नुसती सवय.

रबडी खाता खाता मी घरी हा सगळा पराक्रम सांगितला. आमचे हे रेल्वेच्या ऑफिसात होते, फार बोलायचे नाहीत. वाटी पुसून खाल्ल्यावर म्हणाले, "म्हणजे तुझ्या वर्गात चुकायलाही अर्ज करावा लागतो." मी वाटी उचलून नेली.

पंधरा-वीस दिवसांनी उत्तर आलं. बडी बहनजींनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ते प्रार्थनेच्या वेळी मोठ्याने वाचलं. इतकं एकमुखी मत आम्हाला कुठल्याच शाळेतून मिळालं नाही, असं त्या मंडळींनी लिहिलं होतं. आता ते स्वतः येणार होते. मुली खेळताना चित्रीकरण करणार, मग खेळ आहे तसाच सगळ्या शाळांना पाठवणार. आणि पुढचा खेळ मोठ्यांनी न करता मुलींनीच करावा म्हणून आमच्या शाळेतून चार मुली निवडणार. उन्हाळ्याच्या सुटीत रोज बसून त्या खेळ रचतील, मंडळी तो कॉम्प्युटरात उतरवतील. चौघींची नावं गणिताच्या बहनजींनी सुचवावीत.

टाळ्या झाल्या. मी मान लववून उभी. आठवीच्या रांगेतून एक मुलगी टाळ्या न वाजवता माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी ती गल्लीत गाठ पडली. हातात दुधाचा डबा.

"काकू, चौघींत माझं नाव द्याल?"

"शाळेतलं शाळेत विचारावं."

"शाळेत विचारलं तर तुम्ही म्हणाल, ही काय वेळ आहे."

हे खरं होतं, म्हणून मी आणखी ताठ झाले. "तुला तर बंदी आहे."

"सुटीपर्यंत संपते ना ती. मी मोजलंय." मग डबा या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "मला त्या खोलीला दार काढायचंय. बाकी काही नाही केलं तरी चालेल."

मी म्हटलं, बघू. शिक्षकांच्या तोंडचा हा शब्द म्हणजे काय असतो ते तिला चांगलं ठाऊक होतं. ती गेली.

घरी आले तर मला बसवेना. तिचं नाव द्यायचं तर पाहुणे विचारणार, हीच का? हिने काय वेगळं सांगितलं? तिचा कागद दाखवायचा, तर बाकीच्या एकोणचाळिसांचं काय? आणि नाव नाही द्यायचं, तर ज्या एकीने खेळ खरोखर खेळून पाहिला तिलाच बाहेर ठेवायचं. दोन्हीकडून भिंत. तरी मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटत होतं की पोरगी उगाच काहीतरी रचून सांगत असेल, खोली-बिली काही नसेल. ठरवलं, आपणच बघावं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या खोलीत एकटी बसले. पहिलं फाटक आलं. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. आता चूक करायची. काय सांगू, हात उचलेना. वीस वर्षं मी मुलींच्या वह्यांत ज्या उत्तराखाली लाल रेघा ओढल्या ते 'दोन पंचमांश' स्वतःच्या बोटाने लिहिताना मी दाराकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना म्हणून. तीनदा लिहिलं.

पडदा काळा झाला, मग एक खोली दिसली. चार भिंती, मध्ये झोळी घेतलेला मुसाफिर. भिंतीवर एक गणित आणि 'फिर से सोचिए'. आणि एका पुरुषाचा खर्जातला आवाज: "आपसे यह आशा नहीं थी."

गणित सोपं होतं. मी उत्तर दिलं. काही झालं नाही. पुन्हा दिलं. आवाज म्हणाला, आपसे यह आशा नहीं थी. मागे जायचं बटण दाबलं, बाहेर पडायचं दाबलं, प्रशिक्षणात शिकलेलं होतं नव्हतं ते सगळं दाबलं. मुसाफिर भिंतीला धडकून मध्ये येऊन उभा राहायचा आणि दर मिनिटाला तो माणूस आपली आशा सांगायचा. मुलीचं खरं होतं. बनवणाऱ्यांनी खोली बांधली आणि दार काढायचं विसरले.

आता वीज तोडावी, तर आतलं नासणार. तसंच सोडून घरी जावं, तर रात्रभर मशीन तापणार आणि सकाळी बडी बहनजी दार उघडून ते ऐकणार. मी बसून राहिले. गजाच्या खिडकीपुढची भिंत आधी पिवळी होती, मग राखाडी झाली. आवाज कमी करायची कळ मला सापडेना, म्हणून स्पीकरवर शाल टाकली. तो शालीतून बोलू लागला. मी खुर्चीत, पलीकडे मुसाफिर, दोघं समोरासमोर. कोण कुणाला बघतंय ते कळेना.

शाळेची दाई, घंटा देणारी आणि कुलपं लावणारी, दाराशी येऊन उभी राहिली. कान देऊन ऐकलं आणि हळूच म्हणाली, "बहनजी, ई के हौ, जे आपके डाँटत हौ?"

मी तिला म्हटलं, जा, पंडितजींच्या मधल्या मुलीला बोलावून आण. लगेच.

ती आली ती यात्रेकरूंच्या पोळ्यांची कणीक मळता मळता उठून. हात कोपरापर्यंत पांढरे. कार्पेटच्या कडेला थांबली.

"आत येऊ? अजून अकरा दिवस आहेत."

"ये गं आता. तू या खोलीतून कशी बाहेर आलीस ते सांग."

"मी कुठे आले? लाइट गेली होती."

मला वाटलं होतं हिच्याकडे काही युक्ती असेल.

"मग लाइट जायची वाट बघू," ती म्हणाली आणि उंबऱ्यात बसली. कणकेचे हात गुडघ्यांवर उलटे ठेवून. आमच्या काशीत लाइट जायला कधी मुहूर्त लागत नाही. लग्नात जायची, परीक्षेत जायची, पोळी तव्यावर असताना जायची. त्या दिवशी मात्र ती लग्नातल्या व्याह्यासारखी ठाण मांडून बसली.

"काकू, बटण बंद का नाही करत?"

"आपण केलं तर आतलं नासतं."

"आणि लाइट गेली तर?"

"ते आपल्या हातून नाही ना."

तिने जरा विचार केला. "बाबा पण यजमानांना असंच काहीतरी सांगतात."

मी हसू दाबलं. शालीतला माणूस बोलला. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुम्हाला तर येतं सगळं, काकू. ज्यांना नाही येत त्यांना हा किती वेळ बोलेल?"

हीच वेळ होती. रजिस्टर माझ्या मांडीवर होतं, कागद त्यात होता. मी म्हणायला हवं होतं की बाळ, तुझं बरोबर होतं. त्याऐवजी मी लाल पेन काढलं आणि सहावीच्या वह्या तपासू लागले. अंधारात, दिवा लावायचंसुद्धा सुचलं नव्हतं. एकही आकडा दिसत नव्हता, तरी मी बरोबरच्या खुणा करत होते.

सांजआरतीच्या घंटा सुरू झाल्या आणि लाइट गेली. आवाज 'आपसे यह आ' पाशी तुटला. बाहेर पडून मी कुलूप लावलं आणि तिला काय म्हटलं ते लिहायलासुद्धा लाज वाटते. म्हटलं, "पाहुणे येतील त्या दिवशी तू वर्गातच बस. खोलीकडे यायचं नाही."

ती बरं म्हणाली. हातावरची कणीक वाळून तिला भेगा पडल्या होत्या. कणीक खरवडत ती निघून गेली.

पाहुण्यांचा दिवस. एक तरुण मुलगी, खादीचा कुर्ता, केस कापलेले. तिच्याबरोबर कॅमेरा घेतलेला दाढीवाला तरुण. दोघांनी न सांगता चपला काढल्या, ते बघून बडी बहनजी गहिवरल्या. मी तिन्ही मशीनपुढे माझ्या पहिल्या तीन नंबरांच्या मुली बसवल्या होत्या. बाकीच्या भिंतीला टेकून, वेण्या पुढे. खेळ सुरू झाला आणि फाटकं धडाधड उघडू लागली. मुली गणित वाचतसुद्धा नव्हत्या. गणित पडद्यावर येण्याआधी उत्तर तयार.

पाहुणी थोडा वेळ बघत राहिली. मग पहिल्या नंबरच्या मुलीच्या खुर्चीशी उकिडवी बसून म्हणाली, "बहुत बढ़िया. अब एक बार ग़लत करके दिखाओ."

मुलगी हसली. तिला ती थट्टा वाटली.

"सच में. कुछ भी ग़लत लिख दो."

मुलीने बोट उचललं, पुन्हा मांडीवर ठेवलं. शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने पडद्यामागच्या भिंतीकडे. मग तिघींनी आणि भिंतीला टेकलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्या नंबरची अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बहनजी, ग़लत में क्या लिखना है? वो तो आपने लिखाया नहीं."

दार बंद होतं, चित्रीकरणासाठी मीच लावायला सांगितलं होतं. अजूनही सुटायला वाट होती. पाहुणे हो, आमच्या मुली लाजतात, असं म्हटलं असतं की बडी बहनजींनी चहा मागवला असता. वाक्य ओठावर आलं होतं. पण ती मुलगी रडायला लागली. आवाज न करता, बोट बटणाच्या वर तसंच धरून. चुकायचं आहे आणि हात उचलत नाही. त्या खुर्चीत आठवड्यापूर्वी कोण बसलं होतं ते मला माहीत होतं.

मी रजिस्टर उघडलं, कागदाची घडी मोडली आणि पाहुणीच्या हातात दिला. "चाळीसमध्ये खेळली ती ही एकटी," मी हिंदीत म्हटलं. "बाकीच्यांकडून मी पाठ करून घेतलं. उत्तरंही आणि मतंही."

तिने कागद दोनदा वाचला. बडी बहनजी माझ्याकडे बघत होत्या ते मला न बघता कळत होतं.

"यह लड़की कहाँ है?"

वर्गात. मीच बसवली होती. मीच आणायला गेले. जिने चढताना मला काही सांगायचं होतं, पण वर्गाच्या दारात पोचेपर्यंत फक्त "चल" एवढंच उरलं. ती माझ्या मागून आली. चपला काढल्या, कार्पेटच्या कडेशी थांबली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. बंदीचे चार दिवस बाकी होते.

"ये," मी म्हटलं.

तिने तीन चुका अशा केल्या की जणू कुणी पाटावर रांगोळीचे ठिपके टाकतंय. खोली आली. आवाज आला, आपसे यह आशा नहीं थी. भिंतीला टेकलेल्या मुली दचकल्या, त्यांनी तो पहिल्यांदाच ऐकला होता. कॅमेऱ्यामागचा दाढीवाला एकदम स्वतःच्या पायांकडे बघू लागला. आवाज त्याचाच होता.

पाहुणी जमिनीवर मांडी घालून बसली. म्हणाली, दार आम्ही विसरलो, ते लावू. पण तू असतीस तर काय केलं असतंस?

मुलीने सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं, आणि राहत होते चार घरांवर. त्यांच्याकडे उतरलेले यात्रेकरू रोज हरवतात. दर्शनाला म्हणून निघतात आणि मुन्शी घाटाच्या मागच्या गल्ल्यांत फिरत बसतात. लहानपणापासून त्यांना शोधून आणायचं काम हिचं. वडिलांनी एक रीत घालून दिली होती. हरवलेल्या माणसाला, कुठे चुकलात, असं विचारायचं नाही. ते त्याला माहीत असतं तर तो हरवला नसता. विचारायचं एवढंच, ओळखीचं असं शेवटचं काय दिसलं होतं? पितळेचं दार, निळी गाय रंगवलेली भिंत, काहीही. तिथपर्यंत नेऊन सोडायचं. पुढचं त्याचं त्याला सापडतं.

"खोलीत कुणीतरी पाहिजे," ती म्हणाली. "ओरडणारं नको. शेवटचं बरोबर काय आलं होतं ते विचारणारं, आणि तिथपर्यंत सोडणारं."

दाढीवाल्याने कॅमेरा खाली ठेवला होता. तो वहीत लिहून घेत होता.

चौघींत तिचं नाव पहिलं आलं, आणि ते मी सुचवलं नाही. मला नावं सुचवायला मग कुणी सांगितलंच नाही. चाबी त्याच दुपारी चित्रकलेच्या बाईंकडे गेली. बडी बहनजींनी मला बसवून एक शब्द वाकडा न बोलता सांगितलं की येत्या वर्षी शिवणाला शिक्षिका कमी आहे. वर्षभर मी काजं शिकवली. माझी स्वतःची तेव्हाही वाकडी यायची, आजही येतात.

सुटीत त्या चौघी रोज त्या खोलीत बसायच्या. चित्रकलेच्या बाईंनी पडदे काढून टाकले होते. मी येता-जाता खिडकीच्या गजांतून पाहायची, पण शेजारच्या भिंतीमुळे मान वाकडी करावी लागायची आणि मुली बघून हसायच्या. एके दिवशी तीच बाहेर आली.

"काकू, वेळ आहे? खेळ तपासायला माणूस पाहिजे."

"मी कशाला? मुली काय कमी आहेत?"

"आम्ही चौघी आता भीत नाही. चुकायला घाबरणारं कुणीतरी लागतं तपासायला. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, तुमच्यासारखं दुसरं मिळायचं नाही."

बसले. पहिल्या फाटकावर तेच गणित होतं, मुद्दाम ठेवलेलं. दोन पंचमांश. या वेळी दाराकडे पाहिलं नाही, पण चारही मुली पाठीशी उभ्या होत्या त्यांच्याकडे पाहिलं. तीनदा लिहून झाल्यावर खोली आली. चार भिंती, आणि एका भिंतीत दार. दाराच्या उंबऱ्यात एक बाई बसलेली. साडीच्या खांद्याला पिन, नाकाच्या टोकावर चष्मा, मांडीवर हजेरीचं रजिस्टर, हातात लाल पेन. दर चार श्वासांनी ती चष्मा वर सरकवत होती. मी चष्मा वर सरकवला. मागे कुणीतरी खुसखुसलं.

बाई बोलली. आवाज एका मुलीचा होता, मोठ्या बाईसारखा जाड केलेला. "हम भी यहीं फँसे थे. बताइए, आख़िरी सही क्या आया था?"

खोलीत गुदमरत नव्हतं, पडदे नव्हते म्हणून असेल. मग मागे वळून त्या मुलीला मराठीत, बाकीच्यांना कळू नये म्हणून, विचारलं, "सूड घेतलास होय गं माझ्यावर?"

ती मराठीतच म्हणाली, "काकू, तुम्हाला आत कोंडायचं असतं तर मी त्या दिवशी लाइट जाईपर्यंत तुमच्यापाशी बसले असते का?"